गाडी गटाची, तर माहितीही गटाची : पॉवर स्टेअरिंगचा पंप बदलताना



दशसूत्री, व्याजाचा हिशेब, ठराव कसा लिहायचा, हे सगळं आपण या पानावर शिकलो. या वेळचा पाठ जरा वेगळा आहे. विषय बघून काही जणी म्हणतील, "हे मिस्त्रीचं काम, आपल्याला काय करायचंय?" मलाही तसंच वाटायचं. पण आता आपल्या बऱ्याच गटांकडे आणि ग्रामसंघांकडे भाजी, दूध, कांदा वाहायला जुन्या पिकअप आल्यात. गाडीचा हप्ता गट भरतो, दुरुस्तीचं बिलही गटच भरतो. मग त्या बिलात काय लिहिलंय ते आपल्याला कळायला नको का?

काय घडलं

जुन्नर तालुक्यात ओतूरच्या बाजूच्या एका गटाची ही गोष्ट. त्यांच्या सांगण्यावरूनच गटाचं नाव लिहीत नाही. गटाने जुनी पिकअप घेतली होती. टोमॅटोच्या हंगामात रोज नारायणगावच्या बाजाराला कॅरेट जायचे, मधूनअधून माळशेज घाट उतरून कल्याणला भाजी जायची. गाडी चालवतो गटातल्याच एका ताईंचा मुलगा.

एक दिवस तो कोषाध्यक्ष मावशींना म्हणाला, "मावशी, स्टेअरिंग वळवलं की कुंईऽऽ असा आवाज येतो. आणि वळवायलाही जड जातंय." मावशींनी विचारलं, "चालतीये ना?" तो म्हणाला, "चालती." हंगामाचे दिवस होते, विषय तिथंच राहिला. पुढच्या आठवड्यात कल्याणहून रिकामे कॅरेट घेऊन येताना घाटातल्या वळणावर स्टेअरिंग एकदम दगडासारखं झालं. समोरून एसटी. पोराने दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कशीबशी आत घेतली. सुदैवाने कुणाला लागलं नाही.

गॅरेजवाल्याने पंप गेलाय म्हणून सांगितलं. गटाने नवा पंप टाकला. तीन आठवड्यांत तोच आवाज, तोच जडपणा. दुसरा पंप आणायची वेळ आली तेव्हा बैठकीत कुजबुज सुरू झाली. एकाच गाडीला महिन्यात दोन पंप? पैसे नक्की गेले कुठे? मावशी आठ वर्षं गटाचे पैसे सांभाळतात. त्या माझ्याजवळ येऊन रडल्या. म्हणाल्या, "पैसे गेल्याचं नाही गं, पण माझ्याकडं बघायची बायकांची नजर बदलली."

शेवटी आम्ही दोघी आणि गटाच्या सचिव ताई आळेफाट्याकडच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो आणि काम संपेपर्यंत तिथंच बसलो. काकांनी पहिल्यांदा पंपाला हातच लावला नाही. तेलाच्या डबीपासून पंपाकडे जाणारा एक रबरी पाईप बोटाने दाबून दाखवला. पाईप कडक होऊन टोकाशी चिरला होता, वरची क्लिप सैल होती. तिथून पंप तेलाबरोबर हवा ओढत होता. हवेने पहिला पंप खाल्ला. नवा बसवताना पाईप बदलला नाही, जुनं तेलही काढलं नाही, म्हणून दुसराही गेला. पाईप तसा स्वस्त, पण त्याच्यापायी दोन पंप गेले.

पहिल्या गॅरेजवाल्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने घाई केली, आणि आपण काही विचारलं नाही. काय विचारायचं हेच आपल्याला माहीत नव्हतं. त्यासाठीच हा पाठ.

पॉवर स्टेअरिंग म्हणजे काय?

जात्यावर एकटीने दळलं की हात भरून येतात. समोर दुसरी बाई बसली आणि तिनेही खुंट्याला हात लावला की तेच जातं हलकं होतं. दिशा तुम्हीच ठरवता, जोर दोघींचा लागतो. पॉवर स्टेअरिंग म्हणजे गाडीतली ही दुसरी बाई.

आपल्याकडच्या जुन्या पिकअपमध्ये हे काम तेलाच्या दाबावर चालतं. त्याचे भाग पाचच आहेत:

१. तेलाची डबी. इंजिनाजवळ असते, वर झाकण असतं.
२. डबीकडून पंपाकडे जाणारा रबरी पाईप. यातून पंप तेल ओढून घेतो.
३. पंप. इंजिन फिरलं की पट्टा म्हणजे बेल्ट फिरतो आणि बेल्टमुळे पंप फिरतो. पंपाच्या आत बारीक पात्या असतात, त्या तेलाला दाब देतात.
४. दाबाचा पाईप. यातून जोराचं तेल स्टेअरिंगच्या गिअरबॉक्सकडे जातं. याची टोकं लोखंडी नटाने घट्ट बसवलेली असतात.
५. परतीचा पाईप. काम झालेलं तेल यातून पुन्हा डबीत येतं.

तेलच पंपाला दाब द्यायला लागतं आणि तेच पंपाच्या आतलं वंगणही असतं. म्हणून तेल कमी झालं, घाण झालं किंवा तेलात हवा शिरली की पंप कोरडा घासतो. कोरडा घासला की लोखंडाचा बारीक चुरा सुटतो. तो तेलातून सगळीकडे फिरतो आणि पुढच्या भागांनाही खातो. ही एवढी गोष्ट लक्षात राहिली तरी अर्धा पाठ झाला.

पंप बंद पडला म्हणजे स्टेअरिंग तुटलं असं नाही. चाकं वळतात, पण सगळा जोर आपल्या हातांना लावावा लागतो. भरलेली गाडी, घाटातलं वळण किंवा बाजारातली गर्दी असेल तर तेवढा जोर वेळेवर लागेलच असं नाही. म्हणून "चालती ना" म्हणून सोडून देऊ नका.

(काही नव्या गाड्यांत विजेच्या मोटरवरचं स्टेअरिंग असतं. त्यात पंपही नसतो आणि हे तेलही नसतं. हा पाठ त्या गाड्यांसाठी नाही.)

गाडी आधीच सांगत असते

ड्रायव्हरला दर आठवड्याला एवढं विचारा:

- स्टेअरिंग वळवताना कुंईऽऽ असा आवाज येतो का? इंजिनाचा वेग वाढला की तोही वाढतो का? हा पंपाचा किंवा तेलातल्या हवेचा आवाज असतो.
- सकाळी गाडी चालू केल्यावर किंवा स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर चींचीं असा आवाज येतो का? तो बहुतेक सैल किंवा गुळगुळीत झालेल्या बेल्टचा असतो.
- जागेवर किंवा हळू चालताना जास्त जड जातं का?
- रात्री गाडी उभी होती तिथं सकाळी जमिनीवर तेलाचा डाग दिसतो का?
- डबीतलं तेल काळं झालंय का? जळका वास येतो का? ताकावर येतो तसा फेस दिसतो का?

फेस दिसला की समजा, कुठून तरी हवा शिरतेय. अशा वेळी पंपाआधी पाईप बघायचा.

पंप गेला म्हणायच्या आधी पाच गोष्टी तपासा

यातली पहिली चार कामं आपण स्वतः करू शकतो. इंजिन बंद हवं, गाडी सपाट जागी हवी.

१. टायरची हवा. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तरी स्टेअरिंग जड होतं. आधी हवा भरून बघा. हा खर्च सगळ्यात कमी.

२. तेल. डबीवर किंवा झाकणाच्या काडीवर खूण असते. तेल त्या खुणेपर्यंत आहे का बघा. कमी असेल तर नुसतं भरून थांबू नका. तेल जळून संपत नाही, ते कुठून तरी गळतं. गळती शोधायला हवी.

३. बेल्ट. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबून बघा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक. दोरीसारखा लोंबत असेल, चिरा पडल्या असतील किंवा तेल लागून चकाकत असेल तर आधी त्याचं काम करा. बेल्ट घसरला तर चांगला पंपही फिरत नाही.

४. पाईप आणि क्लिपा. डबीपासून पंपापर्यंतचा पाईप सगळीकडून दाबा. रबर मऊ लागायला हवं. कडक, चिरलेलं किंवा फुगलेलं असेल तर तो पाईप बदलायचाच. दोन्ही टोकांच्या क्लिपा बोटाने फिरवून बघा, फिरायला नकोत.

५. चाकं उचलून. हे मिस्त्रीकडून करून घ्या. पुढची चाकं जमिनीवरून उचलून खाली घोड्या लावायच्या आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग वळवायचं. चाकं हवेत असूनही स्टेअरिंग मध्येच अडकत असेल, तर दोष सांध्यात, किंगपिनमध्ये किंवा स्टेअरिंगच्या गिअरबॉक्समध्ये असू शकतो. नवा पंप टाकून तो जाणार नाही.

या पाचही गोष्टी ठीक निघाल्या आणि तरी स्टेअरिंग जड असेल, तर पंपावर संशय घ्या. मिस्त्रीला विचारा, "दाबाचं गेज लावून बघता येईल का?" गेज असलेलं गॅरेज मिळालं तर अंदाजाने पंप बदलायची वेळ येत नाही. पंपाच्या पुलीमागून तेल गळत असेल, किंवा इंजिन बंद असताना हाताने हलवल्यावर पुली डगमगत असेल, तर पंप गेल्याची ही ठळक खूण.

पंप घेताना

पिकअप दिसायला सारखी असली तरी पंप सारखा असेलच असं नाही. सालाप्रमाणे आणि इंजिनाप्रमाणे तो बदलतो. दुकानात जाताना आरसी बुकाची झेरॉक्स आणि शक्य असेल तर जुना पंप बरोबर न्या. नवा आणि जुना शेजारी ठेवून चार गोष्टी जुळवा: बोल्टची भोकं, पाईप लागायच्या जागा, पुलीचा आकार आणि पुलीवरच्या खाचा.

दुकानदार तीन प्रकार सांगेल. एक, कंपनीचा अस्सल. दोन, बाहेरच्या कंपनीचा नवा. तीन, दुरुस्त केलेला जुना, म्हणजे रिकंडिशन. तिसरा स्वस्त पडतो, पण त्याची हमी लेखी मिळत असेल तरच घ्या. आणि हमीत काय बसत नाही तेही विचारा. जुनं तेल तसंच ठेवलं म्हणून हमी नाकारली, असं व्हायला नको.

पंपाबरोबर हे सामानही एकाच फेरीत घ्या:

- योग्य तेल. कोणतं तेल ते डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना लालसर रंगाचं एटीएफ लागतं. भरायला लागेल त्यापेक्षा जास्त घ्या, कारण काही तेल आतून धुवायला जाणार.
- डबी ते पंप हा नवा पाईप आणि दोन नव्या क्लिपा. पाईप तेलाचाच हवा, पाण्याचा चालत नाही.
- दाबाच्या पाईपाच्या जोडाचे नवे तांब्याचे वॉशर किंवा रबरी रिंगा, गाडीला जे असेल ते.
- बेल्ट जुना झाला असेल तर तोही. तो काढावा लागणारच असतो, मग पुन्हा वेगळी मजुरी कशाला द्यायची?

ब्रेक ऑइल या डबीत कधीही टाकायचं नाही. त्याने आतली रबरी सीलं खराब होतात आणि पंपाबरोबर गिअरबॉक्सही गळायला लागतो. रस्त्यात तेल कमी पडलं म्हणून हाताला लागेल ते ओतू नका, हे ड्रायव्हरला ठासून सांगा.

काम कसं होतं : पायरी पायरीने

हे काम मिस्त्रीनेच करायचं. आपण शेजारी उभं राहून बघायचं. कोणती पायरी सुटली तर काय होतं, ते माहीत असावं म्हणून लिहितेय.

पायरी १. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ओट लावलेली. इंजिन पूर्ण गार झालेलं, कारण हे तेल चांगलंच तापतं आणि भाजतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवलेली.

पायरी २. डबीतलं जुनं तेल मोठ्या सिरिंजने ओढून डब्यात काढायचं. खाली पसरट भांडं ठेवायचं.

पायरी ३. पाईप काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. हे काम आपलं! कोणता पाईप कुठे होता, बेल्ट कसा गेला होता, ते त्यात दिसतं. मग रबरी पाईपाची क्लिप सोडायची आणि दाबाच्या पाईपाचा नट उघडायचा. पाना नटाला नेमका बसणारा हवा. सैल पान्याने नट गोल झाला तर पाईपही बदलावा लागतो. उघड्या तोंडांना स्वच्छ फडकं किंवा बूच लावायचं, धूळ आत जायला नको.

पायरी ४. बेल्ट ताणायचा बोल्ट सैल करून बेल्ट उतरवायचा आणि पंपाचे बोल्ट काढून पंप बाहेर घ्यायचा.

पायरी ५. नव्या पंपाबरोबर पुली नसेल तर जुन्याची काढून बसवावी लागते. ती पुलरनेच काढायची आणि दाबून बसवायच्या हत्यारानेच बसवायची. हातोडीने ठोकून बसवली तर धक्का पंपाच्या दांड्याला आणि आतल्या भागांना बसतो. नवा पंप गाडीवर चढायच्या आधीच खराब होतो. हातोडी उचललेली दिसली की विचारा, "काका, पुलर नाही का?"

पायरी ६ : डबी आणि पाईप धुणं. आपल्या गटाच्या गाडीला हीच पायरी चुकली होती. डबीच्या तळाशी गाळ बसतो. काही डब्यांत बारीक जाळी असते, ती चोंदते. डबी काढून धुवायची, जाळी साफ होत नसेल तर डबीच बदलायची. परतीचा पाईप डबीपासून काढून त्याचं टोक बाटलीत सोडायचं. गिअरबॉक्समध्ये उरलेलं जुनं तेल नव्या तेलाने बाहेर ढकलायचं. त्यासाठी चाकं उचललेली ठेवून स्टेअरिंग इकडून तिकडे वळवतात. बाटलीत स्वच्छ तेल यायला लागेपर्यंत हे करायचं. काकांनी आमच्यासमोर बाटली उन्हात धरली, तर काळ्या तेलात चांदीसारखे बारीक कण चमकत होते. काका म्हणाले, "ताई, हा तुमचा पहिला पंप." मावशी कितीतरी वेळ त्या बाटलीकडे बघत होत्या.

पायरी ७. बसवायच्या आधी नव्या पंपात थोडं तेल ओतून पुली हाताने फिरवायची, म्हणजे पंप कोरडा सुरू होत नाही. मग पंप जागेवर धरून सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे आणि नंतर पान्याने घट्ट करायचे. नवा रबरी पाईप, नव्या क्लिपा, नवे वॉशर. जुने वॉशर पुन्हा वापरले तर बहुतेक वेळा तिथूनच गळतं.

पायरी ८. बेल्ट चढवून ताण द्यायचा. फार सैल असला तर घसरतो, फार ताणला तर पंपाची बेअरिंग खातो. ताण देताना पहार पंपाच्या नाजूक भागावर टेकवायची नाही.

पायरी ९ : हवा काढणं. इथं घाई झाली तर आधीच्या सगळ्या कामावर पाणी पडतं. डबी खुणेपर्यंत भरायची. पुढची चाकं घोड्यांवर उचललेली आणि इंजिन बंद. स्टेअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा वळवायचं. एकीने डबीकडे लक्ष ठेवायचं. बुडबुडे वर येतात आणि तेल खाली जातं, तसं ते भरत राहायचं. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून कमी वेगावर ठेवायचं आणि पुन्हा हळू वळवायचं. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही. फेस आला तर इंजिन बंद करून तेल शांत होऊ द्यायचं आणि परत करायचं. थेट इंजिन चालू करून जोरात स्टेअरिंग फिरवलं तर हवा तेलात घुसळली जाते आणि मग लवकर निघत नाही. लोणी काढताना रवी फिरवतो तसंच होतं ते!

पायरी १०. गाडी खाली घेऊन जमिनीवर स्टेअरिंग वळवून बघायचं. सगळे जोड फडक्याने पुसून दहा मिनिटांनी पुन्हा बघायचे. कुठे ओल आली का? मग मोकळी गाडी गावातल्या गावात एक फेरी मारून आणायची. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर तेल पुन्हा तपासायचं. बेल्ट नवा असेल तर काही दिवसांनी त्याचा ताण पुन्हा बघायचा, कारण नवा बेल्ट थोडा सैल होतो.

जपायच्या गोष्टी

- चालू इंजिनाजवळ वाकताना पदर, ओढणी, वेणी, बांगड्या सांभाळा. पदर कमरेला खोचा, केस बांधा. फिरत्या बेल्टला काही कळत नाही.
- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिस्त्रीनेही नाही. जॅक घसरतो. खाली घोड्या हव्याच.
- गाडी रस्त्यात असताना बेल्ट तुटला तर इंजिनाच्या तापमानाचा काटा बघा. काही गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही चालतो. काटा वर गेला की तिथंच थांबा, नाहीतर इंजिनाचा खर्च अंगावर येईल.
- जुनं तेल ओढ्यात, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ ओतू देऊ नका. गॅरेजवाले जुनं तेल गोळा करून ठेवतात, त्यातच जाऊ द्या.
- ड्रायव्हरला सांगा, उभ्या भरलेल्या गाडीचं स्टेअरिंग वळवू नये, गाडी जराशी पुढे सरकवत वळवावं. आणि स्टेअरिंग शेवटच्या टोकाला दाबून धरू नये. पंप त्या वेळी सगळ्यात जास्त दाबावर असतो आणि तेल तापतं.

आता हिशेब

समजायला सोपं जावं म्हणून आकडे धरून चालू. तुमच्या गाडीचे आणि बाजाराचे भाव वेगळे असतील.

पहिल्यांदा: पंप ६,५०० रुपये, मजुरी १,२००, तेल ४००. एकूण ८,१०० रुपये.

दुसऱ्यांदा: पंप ६,५०० रुपये, मजुरी १,५००, धुण्यासकट तेल ८००, पाईप आणि क्लिपा ३५०, वॉशर ५०. एकूण ९,२०० रुपये.

दोन्ही मिळून १७,३०० रुपये. पहिल्याच वेळी काम पूर्ण झालं असतं तर ९,२०० मध्ये भागलं असतं, म्हणजे ८,१०० रुपये वाया गेले. आणि कुंईऽऽ आवाज आला त्याच दिवशी पाईप बघितला असता, तर कदाचित पाईप, क्लिपा आणि तेलावरच निभावलं असतं. यात गाडी बंद होती त्या दिवसांचं भाडं धरलेलंच नाही. दुसऱ्याची गाडी दिवसाला १,८०० रुपयांनी चार दिवस लावली तर आणखी ७,२०० रुपये.

म्हणून गाडी असलेल्या प्रत्येक गटाने दुरुस्ती निधी वेगळा ठेवावा. दर फेरीमागे १०० रुपये बाजूला काढले आणि महिन्याला २५ फेऱ्या झाल्या, तर महिन्याचे २,५०० आणि वर्षाचे ३०,००० रुपये होतात. मग पंप गेला म्हणून कर्ज काढावं लागत नाही, आणि कुणाच्या बचतीलाही हात लागत नाही.

बिल, ठराव आणि विश्वास

या प्रकरणातून त्या गटाने पाच नियम केले. तुम्हालाही उपयोगी पडतील:

१. ठरलेल्या रकमेच्या वरचा दुरुस्ती खर्च ठरावाशिवाय करायचा नाही. अडचणीच्या वेळी तीन पदाधिकाऱ्यांनी फोनवर संमती द्यायची आणि पुढच्या बैठकीत ती लिहून घ्यायची.
२. मोठ्या कामाला दोन गॅरेजचं म्हणणं घ्यायचं.
३. काढलेला जुना भाग गॅरेजमध्ये सोडायचा नाही, बैठकीत आणून दाखवायचा. जुना भाग जमा करून नव्यावर सूट मिळत असेल, तर निदान त्याचा फोटो घ्यायचा.
४. बिलात पंप, तेल, पाईप, मजुरी वेगवेगळी लिहून घ्यायची. पंपाची हमी किती महिन्यांची तेही बिलावर हवं.
५. गाडीची वही ठेवायची. तारीख, किलोमीटर, ड्रायव्हरची तक्रार, केलेलं काम, खर्च आणि सही. ड्रायव्हर तोंडी बोलला तरी ते त्याच दिवशी वहीत यायला हवं.

पाचवा नियम मावशींनी स्वतः सुचवला. म्हणाल्या, "पोरानं मला आठ दिवस आधी सांगितलं होतं. मी लिहिलं नाही की कुणाला सांगितलं नाही. तेवढी चूक माझी." भर बैठकीत असं बोलायला धाडस लागतं. त्या दिवशी दोन्ही जुने पंप आणि तो चिरलेला पाईप सतरंजीवर मधोमध ठेवले होते. सगळ्या जणींनी पाईप हातात घेऊन वाकवून बघितला. ज्या ताई सगळ्यात जास्त बोलत होत्या, त्यांनीच पुढची चार वर्षं मावशींनाच कोषाध्यक्ष ठेवायचं सुचवलं. मावशी म्हणाल्या, "दोन वर्षं पुरे. नंतर हे सगळं दुसरीला शिकवते."

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या गाडीच्या स्टेअरिंगच्या तेलाची डबी कुठे आहे? आपल्यापैकी किती जणींनी ती बघितलीय?
- डबी ते पंप हा पाईप शेवटचा कधी बदलला? वहीत नोंद आहे का?
- ड्रायव्हरने केलेली शेवटची तक्रार कोणती? तिचं पुढे काय झालं?
- आपला दुरुस्ती निधी आहे का? नसेल तर दर फेरीमागे किती काढायचे?

करून बघा: बैठकीच्या दिवशी गाडी अंगणात बोलवा. इंजिन गार असू द्या. बॉनेट उघडून ड्रायव्हरकडून पाचही भाग ओळखून घ्या. प्रत्येकीने तो रबरी पाईप एकदा दाबून बघायचा. दहा मिनिटांचं काम आहे. मी आजवर तीन गटांत हे केलं. सुरुवातीला सगळ्या हसतात, तेलाने हात काळे होतील म्हणून मागे सरकतात. मग एक जण पुढे होते आणि बाकीच्याही येतात. तिसऱ्या गटात एका ताईंना क्लिप सैल सापडली. ड्रायव्हरने तिथल्या तिथे स्क्रू आवळला.

तुमच्या गाडीचा असा काही अनुभव असेल तर पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला येताना लिहून आणा. लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहून घेईन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक